लाल तार

पावणेदहा. पर्वती इस्टेटमधला आमचा गाळा.
झाकणं मोजणाऱ्या यंत्राचा बोर्ड,
पत्त्याच्या पानाएवढा,
मी बंद केला, डबा उचलला
आणि शटर ओढताना दिसलं:
त्याचा लाल दिवा अजून जळतोय.
जळतोय म्हणजे, धुगधुगतोय.

प्लग तर मी स्वतः उपटला होता.
मग हा कुणाच्या जिवावर?

मीटर लावला. तीन पूर्णांक एक.
पाच असते तर जगला असता,
शून्य असतं तर निवांत मेला असता.
तीन पूर्णांक एक म्हणजे
आयसीयूच्या दारात डॉक्टर
नातेवाइकांना जे सांगतात, ते.

सकाळी उठेचना.
शार्दूल म्हणाला, मॅडम, गेला हा.
गेला नव्हता.
पूर्ण विझल्याशिवाय त्याला
पहिल्यापासून सुरू होता येत नाही, एवढंच.

चोर शेजारीच बसला होता.
यूएसबीचा हब, सात तोंडांचा,
स्वतःच्या ॲडाप्टरवर गुटगुटीत.
ज्या दारातून बोर्डाने द्यायचं
त्याच दारातून हा आत ढकलत होता
रात्रभर, न मागता,
लक्ष्मी रस्त्याला उलट्या बाजूने
"इथंच तर जायचंय" म्हणत
घुसणाऱ्या दुचाकीसारखा.
दुष्टपणा नाही त्यात.
जिथे कमी, तिकडे वाहायचं,
विजेला दुसरं काय येतं?

तापकीर गल्लीत बाफनांनी
चष्मा कपाळावर चढवून केबल पाहिली.
"डायोड टाका. अठ्ठावन्न एकोणीस.
सहा रुपये. एकेरी वाहतूक.
जाताना थोडा टोल घेतो, पॉइंट तीन."
चार डायोड पुडीत बांधले,
आणि पैसे परत देता देता:
"पण हबचं जेवण हबचं आहे ना?
मग ताई, लाल तार ठेवलीय कशाला?"

स्वारगेटच्या सिग्नलला फोन थरथरला.
महावितरण.
आपले एक हजार तीनशे चाळीस रुपयांचे
देयक प्राप्त झाले. धन्यवाद.

मी भरलं नव्हतं.
शिवाजीनगरला सह्या होऊन एकोणीस महिने झाले,
तरी दर महिन्याला, मुदतीच्या आधी,
मुकुल भरतो.
ग्राहक क्रमांक त्याच्या फोनमध्ये होता,
तो राहिलाय.
मी कधी विषय काढला नाही.
चांगुलपणाला नको कसं म्हणायचं?
आणि खरं सांगू का,
पंखा फिरत होता.

केबल सोलली. लाल, पांढरी, हिरवी, काळी.
लाल कापली.
दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप,
तांब्याने तांब्याला पुन्हा शिवू नये म्हणून.
काळी ठेवली. जमीन दोघांची एक लागते,
नाहीतर बोलणं मोजायचं कुठून?
पांढरी आणि हिरवी
एकमेकींना पीळ घालून होत्या,
त्यांना धक्का लावला नाही.
कोणतं झाकण वाकडं आहे
हे त्यांच्यातूनच कळतं.

बोर्ड बंद केला.
मीटरवर शून्य. मग पुन्हा पाहिलं. शून्य.
दिवा नाही, काही नाही.
शार्दूल घाबरून माझ्याकडे बघत राहिला.
मी मनातल्या मनात दहा मोजले
आणि वीज दिली.

उठला.
हबने कुरकुर केली नाही.
पट्ट्यावरून झाकणं आली: एक, दोन, तीन,
चौथं वाकडं.

जेवणाच्या सुट्टीत मुकुलला लिहिलं:
रेवाचं पोहणं आता शनिवारी साडेसहाला.
आणि माझा वीजबिलाचा नंबर
तुझ्याकडून काढून टाक. मी भरेन.

पोहण्याचं उत्तर लगेच आलं,
टॉवेल तो आणणार आहे.
दुसऱ्याखाली नुसत्या दोन निळ्या खुणा.

डायोडची पुडी अजून पर्समध्ये आहे.
परत करायला जायला हवं,
पण चोवीस रुपयांसाठी
तापकीर गल्लीत गाडी कुठे लावणार?